नात जिनात आहे

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळेत, तेलुगू राज्याच्या मराठी काठावर, भीमपूर मंडळातल्या आमच्या घराच्या ओसरीवर एकतीस किलो कापूस जमा झाला. तो आम्ही मागवला नव्हता. आमचा स्वतःचा कापूस मागच्या खोलीत पडून होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

हा कापूस नऊ घरांतून आला होता. कोणी धोतराच्या फडक्यात बांधून आणला, कोणी खताच्या रिकाम्या पिशवीत. शेजारच्या किसनभाऊंनी अर्धं पोतं आणलं आणि त्याच्याशेजारी स्वतःही बसून राहिले. सगळ्यांना मत हवं होतं माझ्या मुलीचं. मीनल, वय सव्वीस, आदल्या संध्याकाळी हैदराबादहून आली होती आणि त्या वेळी स्वयंपाकघरात चहा पीत होती. कापसाशी तिचा तोवरचा संबंध नखांचा रंग पुसण्यापुरता होता.

घोळाचं मूळ एका वाक्यात आहे. वाक्य माझं आहे.

मी तीस वर्षं नागपूरच्या एका दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. शब्द कमी, चूक शून्य, हा माझा लौकिक. (लौकिक माझ्याच टेबलापुरता होता, हेही नोंदवतो.) दोन वर्षांपूर्वी गावी आलो असताना वडिलांनी विचारलं. मीनल त्यांना आबाजी म्हणते, गावही म्हणतं, म्हणून मीही इथे तेच लिहितो.

"सुध्या, पोरगी हैदराबादेत करते काय नेमकं?"

नेमकं असं होतं : मीनल हॉटेलचं शिक्षण घेऊन एका मोठ्या हॉटेलात मद्याची मिश्रणं बनवायला लागली होती आणि तिचा हात जिनवर बसला होता. जिन म्हणजे पाण्यासारखी दिसणारी, राळेसारखा वास येणारी विलायती दारू. आणि आबाजी दारूला शिवत नाहीत. ज्याच्या तोंडाला वास येतो, त्याला ओसरी चढू देत नाहीत. माझा सख्खा मेहुणा एकदा पायरीवर बसून जेवला आहे. पुरणपोळी होती!

मी म्हणालो, "जिनचं काम पाहते."

आमच्या भागात जिन या शब्दाला एकच अर्थ आहे. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. कापूस जिनात जातो, पोरं जिनात लागतात, मुली जिनवाल्याच्या घरी दिल्या जातात. आबाजींचा चेहरा असा उजळला की मी पुढचं वाक्य बोललोच नाही. वाक्य अचूक होतं. कोर्टात टिकलं असतं.

ते गावात फार चांगलं टिकलं. पहिल्या दसऱ्यापर्यंत मीनल जिनात कामाला होती, संक्रांतीला सुपरवायझर झाली आणि पुढच्या दिवाळीत ओलावा मोजायचं यंत्र तिच्याच हाती आलं. तिने कामाच्या पोशाखातला फोटो पाठवला, पांढरा शर्ट आणि काळी बंडी. आबाजींनी तो काचेत मढवला. त्यांची तक्रार एकच होती.

"काळी बंडी काऊन देल्ली लेका तिले? जिनात रुई उडते. काळ्यावर दिसते ना!"

दर रविवारी दोघांचा फोन होई. गेल्या वर्षी निवृत्त होऊन मी आणि वंदना, म्हणजे माझी बायको, गावी राहायला आलो. तेव्हापासून हे फोन मी शेजारी बसून ऐकले आहेत.

"काय म्हणते तुहं जिन?"

"लई जोरात, आबाजी! शनिवारी तर उभं राहाले जागा नसते."

"गाड्यायची रांग असन."

"पार रोडपर्यंत!"

"मोजमापात गडबड नाही ना करत कोणी?"

"माह्यासमोर? एक थेंब इकडचा तिकडे होत नाही."

"थेंब?" आबाजी फोनवर हात ठेवून मला समजावत, "ओलाव्याचं म्हणून राह्यली ते."

फोन ठेवल्यावर दोघंही खूश. मीनल मला वेगळा फोन करून म्हणाली होती, "पप्पा, आबाजी किती मोठ्या मनाचे आहेत!" मी म्हणालो, "हो." हेही वाक्य अचूक होतं. वंदनाचं मत पहिल्यापासून ठाम होतं : "वाक्य तुमचं हाय, तुमीच दुरुस्त करा." मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. रविवारी साडेनऊला ती वेळ किसनभाऊंचं अर्धं पोतं घेऊन आली.

मीनल चार दिवस रजा काढून आली होती त्याला कारण होतं. येत्या बुधवारी हॉटेलात तिची बढतीची परीक्षा होती. एक जुनं, नावाजलेलं पेय परीक्षकांसमोर बनवायचं आणि त्याची जन्मकथा सांगायची. तिने जिन आणि टॉनिक निवडलं होतं. (टॉनिक म्हणजे ताकदीचं औषध नव्हे, कडसर चवीचा सोडा.) "ती गोष्ट आधी आबाजींना सांगायची आहे. त्यांना नुसतं टॉनिक देईन, जिन न घालता," असं ती रात्री म्हणाली होती. का, ते विचारायचं मला सुचलं नाही. मी त्या वेळी घाम पुसत होतो.

आठ घरची माणसं गाठोडी ठेवून, "सांजच्याले येतो" म्हणून गेली. किसनभाऊ मात्र हलेनात. मीनल चहाचा कप घेऊन ओसरीवर गेली तसं त्यांनी तिच्या दुसऱ्या हातात मूठभर कापूस ठेवला.

"पाह्यजो बरं, मीनाबाई. व्यापारी म्हनते ओला हाय. तू सांग. तुह्यावर इस्वास हाय आपला."

मीनलने कापसाकडे पाहिलं, किसनभाऊंकडे पाहिलं, मग हसून "छान आहे, काका," म्हणाली.

"छान म्हनजे किती टक्के ओला? आठ का बारा? बाराच्या वर घेत नाही कोनी."

"...दहा?"

"दहा!" किसनभाऊंनी दोन्ही हात जोडले. "आबाजी, पोरीनं हातानं सांगतलं! मशीनबी नाही लावली!"

आबाजी खाटेवर बसले होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. एका मिशीवरून सुरुवात करून दुसरीवर संपवायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मीनल आत आली. आवाज दबका होता.

"पप्पा, हे लोक मले कापूस काऊन दाखवून राह्यले?"

मी सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं, सवय आहे. वंदना पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं नाही. उलट जोर वाढला.

मीनल ओट्याला टेकली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे दोन वर्षं आबाजी मला कापसाचं विचारत होते?"

"हो."

"हॉटेलात माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरी घरी खोटं सांगतात. कोणी म्हणते रिसेप्शनला आहे, कोणी म्हणते हिशेबाला. मी त्यांना सांगते, माझ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना सगळं ठाऊक आहे आणि ते दर रविवारी विचारतात, काय म्हणतं तुझं जिन." तिने मुठीतला कापूस ओट्यावर ठेवला. "पप्पा, ती शाबासकी माझी नव्हतीच."

तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही खुलासा छापायची वेळ आली नव्हती. तो असा एकरकमी आला.

"आज तुमी सांगा, नाहीतर मी सांगते," मीनल म्हणाली आणि पिशवीतून मोजायचं माप आणि जिनची बाटली काढून ओट्यावर ठेवली. झाकण उघडून तिने वास घेतला, रागातही घेतला, कारण कामाची सवय. त्याच क्षणी ओसरीवरून काठीची टकटक आत येऊ लागली.

"मीना! चहा आन बाप्पा अजून एक!"

पुढची कृती मी विचार न करता केली. बाटली उचलली, झाकण वर ठेवलं (ठेवलं, फिरवलं नाही), सदऱ्याखाली घेतली आणि मागच्या दाराने वळसा घालून ओसरी गाठली. आबाजी आत गेलेले. किसनभाऊ अंगणाच्या कोपऱ्यात तंबाखू थुंकायला गेलेले. लपवायला जागा एकच होती आणि ती एकतीस किलोंची होती. बाटली मी सगळ्यात मोठ्या ढिगात, म्हणजे किसनभाऊंच्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून खुपसली. वर कापूस सारखा केला. बाटलीबरोबर मीनलचं दारू मोजायचं स्टीलचं मापही हाती आलं होतं, तेही आत गेलं.

मी खुर्चीत बसून कालचा पेपर उघडला. तो उलटा होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दहा मिनिटांनी सगळे ओसरीवर होते. मीनल माझ्याकडे पाहत होती. मी पेपराकडे. किसनभाऊंना दहाचा आकडा स्वस्थ बसू देत नव्हता.

"बाई, वरचा दहा असन. पन मधातला पाह्य ना!" असं म्हणत त्यांनी पोत्यात हात घातला.

हात आत गेला. थांबला. किसनभाऊंचा चेहरा पडला.

"आबाजी, ओला हाय."

"असं कसं?"

"ओला म्हनजे... पिळून निघते!"

त्यांनी मूठ बाहेर काढली. मुठीतून थेंब गळत होते. त्यांनी ती नाकाला लावली आणि डोकं मागे घेतलं. "ह्या कोन्त्या औषधाचा वास हाय? मी तर ह्या वर्षी फवारनी तीनदाच केली!"

दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा बाटली बाहेर आली. साधारण पाव रिकामी.

किसनभाऊंना इंग्रजी वाचता येत नाही. आबाजींना येतं. ते मलेरिया खात्यात पस्तीस वर्षं होते आणि खात्याची रजिस्टरं इंग्रजीत असत. त्यांनी बाटली हाती घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि अक्षरं एकेक करून वाचली.

"जी. आय. एन." मग एकत्र, अगदी हळू, "जिन."

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. काळ्या बंडीकडे बराच वेळ पाहिलं.

"किसन, तू घरी जा. मंग येजो."

"पन आबाजी, औषध कोनतं हाय ते तं..."

"मंग सांगतो म्हनलं ना!"

किसनभाऊ गेले. म्हणजे कुंपणापर्यंत गेले.

आबाजी माझ्याकडे वळले. "सुध्या, पेपरात हेच करत होता काय तीस वर्स?"

मी पेपर सुलट केला.

"आबाजी," मीनल पुढे आली. तिची नजर खाली नव्हती. "मी कापसाच्या जिनात नाही. मी हॉटेलात दारू बनवून देते लोकायले. ह्या बाटलीतली. मले वाटलं तुमाले माहीत हाय. मले लई बरं वाटत होतं."

"दारू देते."

"हो."

"लोक पेतात."

"हो. पण मी मोजून देते. जास्त झालेल्याले देत नाही, मालक म्हनला तरी देत नाही."

आबाजींनी बाटली खाटेखाली ठेवली. हातसुद्धा पुसला. मग ते अंगणाकडे तोंड करून बसले. मी मेहुण्याचा विचार केला. पायरीवरची जागा एका माणसाची आहे, आता तिथे माझी मुलगी बसेल का मी, एवढाच प्रश्न उरला होता.

"मी दुपारच्या बसने जाते," मीनल म्हणाली. "फक्त बुधवारची गोष्ट तुमाले सांगायची होती, ते राहून गेली. ह्या पेयात क्विनिन, म्हणजे आपलं कोयनेल असते."

आबाजींची मान वळली.

"काय असते?"

"कोयनेल. म्हणून तर तुमाले पहिले सांगत होती. पयले इंग्रज शिपायायले इथं हिवताप येत होता. कोयनेल घ्याच लागे, पण कडू इतकं का कोणी गिळत नव्हतं. मंग सोड्यात घातलं, साखर टाकली, लिंबू पिळलं. तरी जमेना तवा जिन ओतली. औषध पोटात जावं म्हणून हे निघालं. दारू मागून आली, आबाजी. आधी औषध होतं."

"आन," आबाजी म्हणाले.

तिने पिशवीतून टॉनिकची छोटी बाटली आणली, पेल्यात नुसतं टॉनिक ओतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी आधी वास घेतला. मग जिभेचं फक्त टोक लावलं. आणि त्यांचं तोंड आक्रसलं ते तसंच राहिलं. मला वाटलं त्यांना त्रास होतोय. मी उठलो. वंदनाने मला खाली बसवलं.

"तेच हाय," ते म्हणाले. "पातळ हाय, गोड केलं हाय. पन तेच हाय बाप्पा!"

आबाजी नोकरीबद्दल फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. उटनूरकडच्या जंगलातल्या गावांत सायकल जाईल तिथवर सायकलने, पुढे पायी. तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. गोळी पुढे बदलली, पण लोकांच्या तोंडी नाव कोयनेलच राहिलं. लोकांना वाटे हा माणूस विष देतोय.

"मंग मी काय करो? आधी आपन चाटो. त्यायच्या समोर. 'पाहा, मेलो काय?' म्हनो. मंग गुळात घालून द्यावं. तरी एखादा तोंडावर थुके. एक बुढी तं रोज थुके! पंधरा दिवस थुकली, मंग जगली." ते पेल्याकडे पाहत हसले. "मले गुळाच्या पुढचं काही सुचलं नाही. ह्या इंग्रजायनं लिंबू टाकलं."

"ह्यानं आता ताप उतरत नाही, आबाजी," मीनल म्हणाली. "चवीपुरतंच असते."

"ते मले समजलं. जीभ हाय मले." मग पेला तिच्याकडे देत, "तू कसं करते ते दाखव."

"आता?"

"परीक्षा हाय ना बुधवारी? मंग!"

वंदनाने फ्रिजमधला बर्फ आणला. मीनलने परसातलं लिंबू तोडलं. माप मात्र नव्हतं. ते किसनभाऊंच्या पोत्यात होतं. (मंगळवारी सापडलं.) आबाजी उठले, आपल्या खोलीत गेले आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात औषधाचा काचेचा जुना पेला होता, औंसाच्या रेघा कोरलेला. धोतराच्या सोग्याने त्यांनी तो आतून पुसला.

"ह्याच्यात मोज. रेघ डोळ्यासमोर धरून पाह्यची, वरून नाही. वरून चुकते."

"आमालेही हेच शिकवलं, आबाजी."

"तुमाले कोन शिकवलं?"

"हॉटेलात."

"बरं शिकवलं."

खाटेखालची बाटली त्यांनी स्वतः काढून दिली. मीनलने उंच पेल्यात बर्फ भरला, औंसाच्या पेल्याने जिन मोजून घातली, पेला तिरपा धरून टॉनिक हळूच सोडलं, लिंबाची फोड पिळली आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच हलवलं. आबाजी गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत होते. आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. या वेळी दोन्ही हात.

पेय तयार झालं. मग प्रश्न निघाला.

"पेनार कोन?" वंदनाने विचारलं.

मीनल स्वतः बनवलेलं पीत नाही, तसा तिचा नियम आहे. वंदना कोकम सरबतापलीकडे जात नाही. आबाजींचा प्रश्न नव्हता. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी, वय एकोणसाठ, वडिलांसमोर आजवर सुपारीही खाल्लेली नाही. प्रेस क्लबात काय केलं असेल ते नागपुरात केलं. आबाजींनी पेला माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले.

"घे. घोट घोट करू नको. एका दमात."

"बाबा, हे हळूहळू प्यायचं असतं—"

"औषध हाय. घे म्हनलं ना!"

मी एका दमात घेतलं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. डोळ्यांत पाणी आलं. आबाजी हलले नाहीत.

"गिळलं?"

मी मान हलवली.

"तोंड उघड."

मी तोंड उघडलं. त्यांनी वाकून, चष्मा सारखा करून, आत पाहिलं. जिभेखालीही पाहिलं.

"लपवून ठेवाची सवय हाय त्याले," ते मीनलला म्हणाले.

मीनल हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आणि मग तिने आबाजींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मी तिथून उठून पायरीवर जाऊन बसलो. तोंडाला वास येत असलेल्या माणसाने आमच्या घरी कुठे बसायचं हे ठरलेलं आहे. दुपारी जेवणही तिथेच आलं. आबाजींनी पाठवलं.

आता गावाला सांगायचं बाकी होतं. मी मजकूर करून देतो म्हणालो. आबाजी म्हणाले, "तू राहू दे." किसनभाऊ कुंपणाशी होतेच.

"किसन! सांग सगळ्यायले. पोरगी कापसाच्या जिनात नाही. सुध्यानं चुकीचं सांगतलं. पोरगी हैदराबादेत लोकायले मंदू देते. मोजून देते. माह्यावर गेली."

इथे एक टीप आवश्यक आहे. मंदू हा शब्द तेलुगू आहे. आबाजींच्या कचेरीत तेलुगू चाले, आणि तेलुगूत औषधालाही मंदू म्हणतात, दारूलाही मंदूच म्हणतात. कोणता अर्थ घ्यायचा, ते ऐकणाऱ्यावर असतं. वाक्यात चुकीचा एक शब्द नव्हता. मी तीस वर्षं या धंद्यात काढली आहेत. पायरीवर बसून मी मनातल्या मनात उठून उभा राहिलो.

"म्हनजे तुमच्यासारखं?" किसनभाऊंनी विचारलं.

"माह्यापेक्षा बरं. माहं लोक थुकत."

सोमवारी पहाटे मीनल निघाली. औंसाचा पेला आबाजींनी मोज्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला. मोजा माझा होता. (बुधवारच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. फोन आबाजींना आला. मला त्यांच्याकडून कळलं.)

त्याच सोमवारी सकाळी सात वाजता ओसरीवर सहा जण बसलेले होते. कापूस कोणाकडेच नव्हता. किसनभाऊंच्या हातात गुडघ्याचा एक्स-रे होता.

मीनलची बस साडेपाचलाच गेली होती. एक्स-रे मी पाहिला.